नांगराची निशाणी

सोमवार, ता. २ जानेवारी १८६५. अकोल्याच्या खजिन्यासमोर पहारेकऱ्याने आठाचा तास दिला आणि जायबंदी शिपायांची हजिरी सुरू झाली. तारीख व वेळ माझ्या लक्षात आहे, कारण त्या दिवसाच्या यादीच्या माथ्यावर ती मीच लिहिली होती. त्याच यादीत, बारा ओळी खाली, मी माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूकही लिहिली.

हल्ली वर्तमानपत्रांत पेन्शनीच्या कारभारावर पुष्कळ मजकूर येतो. कोणाची पेन्शन अडली, कोणाला डॉक्टरच्या दाखल्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या, कोणता कारकून उर्मटपणे बोलला. बहुतेक तक्रारी खऱ्या असतात. मी छत्तीस वर्षे या कामात काढली आहेत. मला त्या खोट्या म्हणता येणार नाहीत. परंतु हे काम नीट होते तेव्हा कसे होते, हे कोणी लिहीत नाही. मी ते एकदा जवळून पाहिले. तेवढे लिहून ठेवतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो व अमरावतीच्या खजिन्यात कारकून होतो. पलटणीत हात-पाय गमावलेल्या शिपायांना सरकार वर्षातून दोनदा पेन्शन देई. पश्चिमेकडच्या तालुक्यांतील शिपायांनाही त्यासाठी अमरावतीस यावे लागे. ज्याला धड पाय नाही त्याने पेन्शनीसाठी गाडीवर तीन-चार मुक्काम करावेत, हे अकोल्याच्या शिरस्तेदारांना पटले नाही. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले वडील कारकून. त्यांनी दोन वर्षे पत्रे लिहिली आणि ती नावे अखेर अकोल्याकडे वर्ग करून घेतली. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. बढतीही मिळणार नव्हती.

त्या नावांबरोबर माझीही बदली अकोल्यास झाली, आणि त्यांचे दप्तर घेऊन मी डिसेंबरात अमरावतीहून निघालो. रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून गेला होता. अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेस पोचत नव्हता, आणि वऱ्हाडच्या बोंडाला कधी नव्हता असा भाव आला होता. गाडीवान कोणाला वाट देईनात.

“तुह्या गाडीत काय हाये?” एकाने मला विचारले.

“सरकारी कागद.”

“मंग घे बाजूले. कागदातून का रुई निंगते?”

मी गाडी बाजूला घेतली. त्या वर्षी सरकारी कागदाला कापसापुढे मान नव्हता.

अकोल्याचे शिरस्तेदार पन्नाशीचे, ठेंगणे, उजव्या कानाने कमी ऐकणारे गृहस्थ होते. हजिरीच्या दिवशी ते तास दीड तास आधी येत आणि अंगणातल्या निंबाखाली काडीने दात घाशीत बसत. गाड्या येत, शिपाई उतरत, जागा धरत. हे त्यांच्याकडे पाहत असत. एवढा मोठा अंमलदार चारचौघांत दात घाशीत बसतो, याची मला लाज वाटली. कचेरीत मी कोरा अंगरखा घालून मेजाशी बसलो होतो.

माझे काम सोपे होते. प्रत्येक शिपायाचा एक हुलिया असे. त्यात त्याची उंची, वर्ण, अंगावरचे वण आणि व्यंग लिहिलेले असे. हुलिया वाचायचा, माणूस पाहायचा, पावतीवर त्याची निशाणी घ्यायची आणि ती जुन्या पावतीशी ताडून पाहायची. मेलेल्या भावाच्या नावावर जिवंत भाऊ पेन्शन उचलतो, असे प्रकार घडत. ते पकडणे हा या कामाचा मुख्य भाग आहे, अशी माझी समजूत होती.

निशाणीविषयी दोन शब्द लिहितो, कारण आता शाळा झाल्या आहेत आणि ही रीत मागे पडत चालली आहे. ज्याला अक्षर येत नसे तो सहीच्या जागी आपल्या धंद्याचे चित्र काढी. कुणबी नांगर काढी, वाणी तराजू, शिपाई कट्यार. बायका बांगडी काढीत. ती केवळ रेघ नसे. माणूस कोण आहे, हे त्यातून सांगितले जाई.

अंगणात गलका होता. एका डोळ्याचा एक म्हातारा गोलंदाज सर्वांत पुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारीत होता. एकाच्या पायाला कापसाची जाड पट्टी गुंडाळलेली पाहून तो म्हणाला, “अबे, ते पट्टी सोडून बजारात ने. तुह्या पिनशनीपेक्षा तिचा भाव जास्त येईन.”

“आन् तुह्या डोळ्यातला बोळा?”

“थो मी कवाच इकला!”

सगळे हसले. मी आतून दटावले, तसे अधिकच हसले.

बारावे नाव बार्शीटाकळीजवळच्या एका गावच्या शिपायाचे होते. वय चाळिशीच्या आसपास. एका गढीच्या वेढ्यात त्याच्या डाव्या गुडघ्यात गोळी लागली होती. हुलियात लिहिले होते: डावा पाय ताठ, वाकत नाही. तो काठी टेकीत आला आणि मेजापुढे उभा राहिला. माझे मेज बैठे होते. इतर जण खाली बसून निशाणी करीत, हा बसेना. मी पावती, बोरू व दौत उचलून वर त्याच्या हातात दिली. ते मला गैरसोयीचे वाटले. त्याने कागद भिंतीला टेकवला आणि फार काळजीने एक नांगर काढला. रुमणे, ईस, फाळ, सर्व नीट.

मी अमरावतीच्या पावत्यांची गड्डी सोडली. सात पावत्या. सातांवर कट्यार.

मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. नव्या कचेरीत पहिल्याच दिवशी मी लबाडी पकडली होती.

“ही निशाणी कोणाची?” मी विचारले.

“माही.”

“तुझी निशाणी कट्यार आहे.”

“होती, बापू. बा गेला दसऱ्याच्या आंधी. थोरला मीच. नांगर आता माह्यावर आला.”

“म्हणजे तू शेती करतोस?”

“कुनब्याचं घर हाये. शेती नाही तं काय करन?”

पुढे त्याला आणखी काही सांगायचे होते. मी ऐकून घेतले नाही. यादीत त्याच्या नावासमोर मी शेरा लिहिला: ‘निशाणी जुळत नाही. मनुष्य दुसरा असावा. तोच असल्यास स्वतः नांगर धरतो. सबब जायबंदी समजू नये.’ अक्षर सुरेख आले होते.

“काय लिह्यलं, बापू?” त्याने विचारले.

मी वाचून दाखवले.

“म्हंजे मी मेलो,” तो म्हणाला, “नाही तं बरा झालो.”

“दोहीतलं एक निवड ना गड्या!” बाहेरून गोलंदाज ओरडला. “बरा झाला असशीन तं नाचून दाखव!”

या वेळी कोणी हसले नाही. त्या शेऱ्याचा अर्थ अंगणातल्या सर्वांना कळला होता. खजिन्याचे इंग्रज साहेब बारा वाजता येणार होते. यादीवर त्यांची सही झाली की ती वरच्या कचेरीत जाई, आणि शेरा मारलेले नाव कमी होई. कमी झालेले नाव पुन्हा चढवायला दोन वर्षे लागत. काही माणसे तोवर जगत नसत. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर निघणार होते. जे व्हायचे ते त्या दुपारीच व्हायचे होते.

मी त्याला बाजूला उभे राहण्यास सांगितले. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि नंतर, मला वाटते बोलावेसे वाटले म्हणून, हळू आवाजात म्हणाला, “बापू, घरी कापूस हाये. भावानं यंदा चांदीचं कडं केलं. मी उपाशी नाही मरत. पन मी थोरला असून बसून खातो. ताट भावाचं हाये, तं मीठ तरी माहं असू द्या.”

मी पुढचे नाव पुकारले. उत्तर देणे नियमात नव्हते.

अकराच्या सुमारास शिरस्तेदार आत आले. मी यादी पुढे केली. त्यांनी शेरा वाचला, मग पावती, मग जुन्या सात पावत्या. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

“निशाणी करताना हा मनुष्य कोठे बसला होता?” त्यांनी विचारले.

“बसला नाही. उभाच होता.”

“का?”

गुडघा वाकत नव्हता म्हणून. हे मला त्या क्षणी प्रथम सुचले.

“सकाळी साडेसात वाजता तो गाडीतून उतरला,” शिरस्तेदार म्हणाले. “उतरताना आधी काठी खाली टाकली, मग उजवा पाय. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून चाकावरून बाहेर काढला. तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. मी दात घाशीत होतो. कारकून, मेजापुढे आलेला माणूस सोंग आणू शकतो. गाडीतून उतरताना कोणी सोंग आणीत नाही.”

दात घासण्याचे कारण मला तेव्हा कळले.

“शेरा खोडू का?” मी विचारले.

“नाही. सरकारी कागदावर लिहिलेले खोडायचे नाही. त्याच्या खाली जे खरे आहे ते लिहायचे. खरे काय, ते अजून तुम्हांला ठाऊक नाही. चला.”

ते मला अंगणापलीकडे घेऊन गेले. त्या शिपायाचा धाकटा भाऊ तिथे बैलांना कडबा टाकीत होता. मनगटात नवे चांदीचे कडे होते.

“शेतात नांगर कोन धरते?” शिरस्तेदारांनी विचारले. ते वऱ्हाडचेच, कुणब्याशी कुणब्याच्या बोलीत बोलत.

“मी धरतो, रावसाहेब. सालदार सारे पयाले आगगाडीच्या मातीवर. आता मी आन् बैल.”

“मंग तुही निशानी काय?”

तो हसला. “मले कायची निशानी? मी लहाना. नांगर बाचा होता, आता दादाचा. मी निस्ता धरतो.”

“शेताच्या मोजनीच्या कागदावर कोनं निशानी केली?”

“दादानं. साऱ्या गावापुढं केली. थ्या दिवशी पह्यल्यांदा नांगर काढला. चार कागद खराब केले.” मग त्याला काहीतरी उमगले आणि त्याने कडबा खाली ठेवला. “काहून? काही चुकलं का आमचं?”

“तुमचं नाही,” शिरस्तेदार म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पाहिले असते तर बरे झाले असते.

परत येताना त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारले, “शेताच्या कागदावर नांगर केला, ठीक. पिनशनीच्या पावतीवर कट्यारच करायची होती. इथं तुले कोन पुसत होतं?”

“एका मानसाच्या दोन निशान्या कश्या, रावसाहेब? दोन निशान्या चोराले लागते. कट्यार पलटनीची होती. बा होता तवरी मी पलटनीचा मानूस होतो. आता घराचा हाये.”

ही चूक आमच्या भागातला माणूसच करू शकतो. त्याने प्रामाणिकपणे वागून स्वतःला संशयात घातले होते. आणि मी कुणब्यांच्या गावांत वाढलो होतो. नांगर थोरल्याकडे येतो हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. कागद पुढे असला की मला गाव आठवत नसे, एवढेच.

शिरस्तेदारांच्या सांगण्यावरून मी माझ्या शेऱ्याखाली दुसरा शेरा लिहिला. बाप वारला, मनुष्य कर्ता झाला, रिवाजाप्रमाणे निशाणी बदलली. नांगर प्रत्यक्ष धाकटा भाऊ धरतो. डावा गुडघा वाकत नाही हे समक्ष पाहिले. ‘समक्ष पाहिले’ हे शब्द लिहिताना मी थांबलो. मग बाहेर गेलो, त्या शिपायाला धोतर वर घ्यायला सांगितले, गुडघा पाहिला, आणि आत येऊन ते शब्द लिहिले.

साहेब बाराला आले. तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. दोन्ही शेरे त्यांनी वाचून घेतले. त्यांना निशाणीचा रिवाज समजला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी सरळ तोड काढली. शिपायाला हिंदुस्थानीत म्हणाले, “पुरानी निशानी बना दो. कट्यार बनाओ. बात खतम.”

मला हायसे वाटले. एक रेघ आणि आडवी मूठ. एवढ्यावर सर्व मिटत होते.

शिपाई ताठ उभा राहिला. पलटणीतली सवय असावी.

“नहीं हुजूर.”

“क्यों?”

“वो अब मेरी नहीं है, हुजूर. जो मेरी नहीं, वो कैसे बनाऊं?”

“पेन्शन जाएगी.”

“हुजूर की मर्जी.”

साहेबांनी दौतीत टाक बुडवला.

तेव्हा शिरस्तेदार पुढे झाले. ते कधी आवाज चढवीत नसत. कानाने कमी ऐकणारी माणसे बहुधा मोठ्याने बोलतात, हे बोलत नसत. ते म्हणाले, “साहेब, मेलेल्या भावाची पेन्शन खायला कोणी आला असता, तर त्याने कोणती निशाणी काढली असती?”

साहेबांनी टाक थांबवला.

“सात पावत्यांवर कट्यार आहे,” शिरस्तेदार म्हणाले. “लबाड मनुष्य आठवी कट्यार काढील. हुबेहूब काढील, घरी शंभर वेळा गिरवून येईल. निशाणी बदलण्यात खऱ्या माणसाचे नुकसान आहे आणि लबाडाचे मरण आहे. लबाडाने हे केले नसते. आणि आता आपण स्वतः कट्यार काढण्याची मुभा दिली, तरी हा काढीत नाही. याहून अधिक पुरावा या कचेरीपाशी नाही.”

साहेब बराच वेळ त्या पावत्या पाहत राहिले. मग शिपायाला म्हणाले, “बैठो.”

“बैठ जाऊंगा, हुजूर,” तो म्हणाला. “मगर फिर दो आदमी लगेंगे उठाने को.”

साहेबांनी सही केली. नाव कायम.

अशा वेळी लोक पाया पडतात, रडतात. त्याने तसे काही केले नाही. पेन्शन घेतली, उपरण्याच्या गाठीत बांधली आणि माझ्या मेजापाशी येऊन उभा राहिला. मी मान वर केली.

“बापू,” तो म्हणाला, “तुमी तपासलं ते बरंच केलं. मेल्याच्या नावानं खानारे लय हायेत. तपासत जा.” थोडे थांबून म्हणाला, “पन दौत खाली ठेवत जाऊ नका. आमच्यासारख्याले वाकता येत नाही.”

भावाने त्याला गाडीत चढवले. चढतानाही त्याने डावा पाय दोन्ही हातांनी उचलला. मी ते ओसरीतून पाहिले. गोलंदाज जाता जाता माझ्याकडे एका डोळ्याने पाहून म्हणाला, “मले एकच हाये, पन मले दिसते.”

शिरस्तेदार मला त्या दिवशी एका शब्दाने रागावले नाहीत. पुढे मी अनेक अंमलदारांच्या हाताखाली काम केले. काही त्यांच्यापेक्षा विद्वान होते, काही फार मोठ्या हुद्द्यावर गेले. ज्यांना पाहून हे काम कसे करावे हे कळावे, असे मला ते एकच भेटले. त्यांना मी हे कधी सांगितले नाही. ते वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. कापसाचा भाव त्याच वर्षी पडला आणि चांदीची कडी पुष्कळांच्या हातांतून उतरली. त्या शिपायाची पेन्शन मात्र तो होता तोवर चालू राहिली. दर सहा महिन्यांनी एक नांगर येई. तो उत्तरोत्तर चांगला येत गेला.

त्या दिवशी संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर शिरस्तेदारांनी एवढेच सांगितले: “पुढल्या हजिरीच्या वहीत एक रकाना वाढवा. निशाणी बदलली असल्यास कारण. म्हणजे पुढच्या कारकुनाला विचारावेच लागेल.”

मी पट्टी घेऊन प्रत्येक पानावर तो रकाना आखला. उजेड जाण्यापूर्वी संपवला. मग माझे बैठे मेज दोन्ही हातांनी उचलून आतल्या खोलीतून बाहेर आणले आणि ओसरीच्या कडेला ठेवले. खाली अंगणात उतरून त्यापुढे उभा राहिलो. ते माझ्या कमरेच्या थोडे वर आले. वाकावे लागत नव्हते. एक पाय डुगडुगत होता. निंबाखालून एक खापराचा तुकडा आणून त्याखाली सारला, दौत वर ठेवली, आणि मेज हलवून पाहिले. हलले नाही.